आपत्ती-पूर्वतयारी, लोकसहभागी

पूर, भूकंप, चक्रीवादळ, दरड कोसळणे, आग, विषारी वायूची गळती यांसारख्या आपत्ती ओढवण्यापूर्वी एखाद्या वस्तीतील रहिवाशांनी आपल्या परिसरातील धोके ओळखून इशारा, स्थलांतर, बचाव, प्रथमोपचार व पिण्याचे पाणी यांविषयी आपसांत आगाऊ केलेली व्यवस्था. शासकीय यंत्रणेने आखलेल्या योजनेहून ही व्यवस्था वेगळी असली, तरी तिला पूरक असते. बाहेरील मदत पोहोचण्यास काही तास, तर दुर्गम भागांत काही वेळा एखादा दिवसही लागतो. गाडलेल्या, बुडणाऱ्या अथवा रक्तस्राव होणाऱ्या माणसाच्या दृष्टीने निर्णायक ठरणारे हेच तास असतात आणि त्या तासांत जवळ असतात ते फक्त शेजारी. जपानमधील कोबे येथे १७ जानेवारी १९९५ रोजी झालेल्या भूकंपात ढिगाऱ्यांतून जिवंत बाहेर काढलेल्यांपैकी बहुसंख्य लोकांना घरच्यांनी व शेजाऱ्यांनीच सोडविले होते, असे नंतरच्या पाहण्यांत आढळले. पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव ३० जुलै १९१४ नव्हे, तर अगदी अलीकडे, ३० जुलै २०१४ रोजी सकाळी दरडीखाली गाडले गेले. त्यात १५१ माणसे मृत्युमुखी पडली. गाव जागेवर नाही ही गोष्ट बाहेरच्या जगाला कळली, ती तेथे नेहमीप्रमाणे आलेल्या राज्य परिवहनच्या गाडीच्या चालकामुळे.

पूर्वपरंपरा : आपत्तीची सामुदायिक तयारी ही आधुनिक कल्पना नव्हे. कृष्णा-पंचगंगा संगमावरील नृसिंहवाडी येथील दत्तमंदिर दर पावसाळ्यात पुराच्या पाण्याने वेढले जाते. पाणी गाभाऱ्याकडे येऊ लागले, की उत्सवमूर्ती वरच्या पातळीवरील नारायणस्वामींच्या मंदिरात नेण्याची प्रथा आहे. कोणत्या पातळीला काय हलवावयाचे, कोणी हलवावयाचे आणि कोठे ठेवावयाचे, हे तेथे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असून त्यासाठी ऐन वेळी कोणाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. नियोजनशास्त्र ज्याला टप्प्याटप्प्याची कार्यवाही म्हणते, तिचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण आहे. कोतवालाची दवंडी व देवळातील घंटा ही इशाऱ्याची जुनी साधने होत. कोल्हापूरकडील गावांत गूळ तयार करण्याच्या काहिलीतून नदी ओलांडली जात असे व पुराच्या वेळीही तिचा उपयोग होई.

लोकस्मृती कधी कधी यंत्रांपेक्षाही अधिक उपयोगी पडते. इंडोनेशियातील सिमेउलुए बेटावर १९०७ मध्ये त्सुनामी लाटांनी मोठी हानी केली होती. त्या लाटांना तेथील भाषेत ‘स्मोंग’ हा शब्द असून, भूकंपानंतर समुद्र मागे हटला की डोंगरावर धावावे, ही शिकवण तेथे अंगाईगीतांतून व गोष्टींतून दिली जात असे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत जवळच्या सुमात्राच्या किनाऱ्यावर प्रचंड प्राणहानी झाली. मात्र सत्तर हजारांहून अधिक वस्तीच्या या बेटावर मृतांची संख्या दहाच्या आतच राहिली.

संघटित स्वरूपात भारतात गृहरक्षक दलाची स्थापना मुंबईत डिसेंबर १९४६ मध्ये झाली. नागरी संरक्षणाचा कायदा १९६८ चा असून २००९ च्या दुरुस्तीने त्यात आपत्ती व्यवस्थापनाचा अंतर्भाव झाला. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण असते. पूरप्रवण जिल्ह्यांत रहिवाशांना प्रशिक्षण देणारी ‘आपदा मित्र’ ही केंद्रीय योजना २०१६ पासून राबविण्यात आली. यांतील बरीचशी रचना जिल्ह्याच्या व तालुक्याच्या ठिकाणापर्यंत भक्कम असते. तेथून गल्लीपर्यंतचे अंतर मात्र रहिवाशांनाच भरून काढावे लागते.

इशारा आणि उंबरठा : पंचगंगेची कोल्हापूर येथील पातळी राजाराम बंधाऱ्यावर फुटांत मोजली जाते. तेथे ३९ फूट ही इशारा पातळी व ४३ फूट ही धोका पातळी होय. सांगलीस कृष्णेवरील आयर्विन पुलाजवळ हेच आकडे अनुक्रमे ४० व ४५ फूट आहेत. पावसाळ्यात हे आकडे वृत्तपत्रांतून, आकाशवाणीवरून व भ्रमणध्वनीवरील संदेशांतून सर्वांना कळतात. परंतु पातळी ४१ फूट झाली, म्हणजे आपल्या गल्लीत पाणी किती अंतरावर आले, हे त्या आकड्यावरून कोणासही समजत नाही. इशारा मिळूनही माणसे घरातच राहतात, याचे एक प्रमुख कारण हे आहे.

या आकड्याचा गावच्या भाषेत अनुवाद करणे, हे सामान्य नागरिकास सहज करता येण्यासारखे व फार मोलाचे काम आहे. त्यासाठी एक-दोन पावसाळे नोंदी ठेवाव्या लागतात : बंधाऱ्यावर अमुक फूट असताना आपल्या स्मशानभूमीच्या पायरीला पाणी लागले, अमुक फुटांना ओढ्यावरचा पूल बुडाला, अमुक फुटांना खालच्या आळीतील पहिले घर वेढले गेले. अशा नोंदींचा तक्ता ग्रामपंचायतीच्या फलकावर व शाळेच्या भिंतीवर लावला, की पातळीचा प्रत्येक आकडा एका ओळखीच्या जागेशी जोडला जातो. पूल बुडण्याची पातळी हा या तक्त्यातील सर्वांत महत्त्वाचा आकडा समजावा, कारण स्थलांतर त्यापूर्वीच पुरे व्हावे लागते. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्यावर ते पाणी कोल्हापुरापर्यंत पोहोचण्यास काही तास लागतात. तेवढाच अवधी हाताशी असतो. शिरोळ तालुक्यासारख्या संगमाजवळील भागात मात्र एकाच नदीचा आकडा पुरत नाही. कृष्णा फुगलेली असल्यास पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही व मागे पसरते, म्हणून तेथील तक्त्यात दोन्ही नद्यांच्या पातळ्या असाव्या लागतात.

जुन्या पुराच्या खुणा जपणे उपयुक्त असते, पण त्यांवर विसंबणे घातक ठरू शकते. २००५ च्या पुरात पंचगंगेची पातळी सु. ५० फुटांवर, तर सांगलीत कृष्णेची पातळी ५३ फुटांहून वर गेली होती. त्यामुळे २००५ साली ज्यांच्या दारात पाणी आले नव्हते, अशी अनेक कुटुंबे ऑगस्ट २०१९ मध्ये निर्धास्त राहिली. त्या वर्षी कोल्हापुरात पातळी ५५ फुटांच्या, तर सांगलीत ५७ फुटांच्या वर गेली व ही कुटुंबे वरच्या मजल्यांवर आणि छपरांवर अडकून पडली. पुढे दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, कोल्हापूरला पुन्हा महापुरास तोंड द्यावे लागले. म्हणून भिंतीवर मागील पुराची रेघ ओढताना तिच्या वर काही फुटांवर दुसरी रेघ ओढावी आणि स्थलांतराची योजना त्या दुसऱ्या रेघेस धरून करावी, हे श्रेयस्कर.

इशारा उंबरठ्यापर्यंत नेण्याच्या बाबतीत बांगला देशाचा अनुभव बोधप्रद आहे. १२ नोव्हेंबर १९७० च्या भोला चक्रीवादळात तेथील किनाऱ्यावर तीन लाखांहून अधिक लोक प्राणास मुकले. वादळ येत असल्याची माहिती हवामान खात्यास होती, ती खेड्यांपर्यंत परिणामकारक रीतीने पोहोचली नाही. १९७२ मध्ये रेड क्रॉसच्या पुढाकाराने गावोगावच्या स्वयंसेवकांचा चक्रीवादळ-सिद्धता कार्यक्रम सुरू झाला. धोक्याच्या पायरीनुसार एक, दोन किंवा तीन निशाणे उभारणे, कर्ण्यावरून पुकारा करणे, वृद्धांना निवाऱ्यात नेणे, अशी कामे ते करतात. तरीही १९९१ च्या वादळात सु. १,३८,००० लोक दगावले व त्यांत स्त्रियांचे प्रमाण फार मोठे होते. घरातील पुरुषांच्या अनुमतीवाचून बाहेर पडता न येणे, निवाऱ्यांत स्त्रियांसाठी स्वतंत्र सोय नसणे, ही त्याची कारणे दिसून आल्यावर स्त्री-स्वयंसेविकांची भरती वाढविण्यात आली. २००७ मधील सिद्र वादळही अतितीव्र होते, पण त्यातील मृतांची संख्या सु. ३,४०० वर राहिली. निवारे वाढले, अंदाज सुधारले, हे खरे. तथापि दार ठोठावणारी व्यक्ती ओळखीची असणे, हा यातील महत्त्वाचा भाग होय. ओडिशातही १९९९ च्या महाचक्रीवादळात सु. दहा हजार लोक मेले, तर ऑक्टोबर २०१३ मधील फायलिन वादळापूर्वी सु. दहा लाख लोकांना हलविण्यात आल्याने प्राणहानी पन्नासच्या आतबाहेर राहिली.

घरांची यादी : प्रत्येक आळीतील दोन-तीन जाणत्या व्यक्तींनी पंधरा-वीस घरांची यादी करून ती दर वर्षी मृगापूर्वी तपासावी. कोणत्या घरी अंथरुणास खिळलेली व्यक्ती आहे, कोणाचे दिवस भरत आले आहेत, कोणास ऐकू येत नाही, कोणाला नियमित डायालिसिस अथवा इन्शुलिन लागते, कोण एकटे राहते व त्याच्या घराची किल्ली कोणाकडे असते, एवढी माहिती पुरेशी असते. प्रत्येक अशा व्यक्तीमागे तिला बाहेर काढणाऱ्या दोन माणसांची नावे लिहावी; एकच नाव लिहिल्यास तो माणूस नेमका त्या दिवशी परगावी असतो. यादीतून बहुधा सुटतात ती गावकुसाबाहेरची, पाल ठोकून राहणारी किंवा कामासाठी बाहेरून आलेली कुटुंबे. नदीकाठची सखल जागा बहुधा त्यांच्याच वाट्यास आलेली असते, म्हणून यादीचा आरंभ त्यांच्यापासून करणे योग्य.

स्थलांतरास नकार देणाऱ्या कुटुंबांना हट्टी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, परंतु त्यांच्या नकारामागे बहुधा गोठा असतो. दुभती म्हैस हेच ज्याचे भांडवल, तो ती बांधून ठेवून निघत नाही. जनावरे कोणत्या माळावर न्यावयाची, तेथे वैरण व पाणी कोण पुरविणार, राखण कोणी करावयाची, हे आधी ठरले असेल, तर माणसेही वेळेवर निघतात. जनावरे हलविणे अशक्यच झाले, तर निदान दावी सोडून द्यावी. घर लुटले जाईल ही भीतीही खरी असते. त्यासाठी तरुण मंडळांनी पाणी न पोहोचणाऱ्या जागेवरून पाळीपाळीने पहारा करणे उपयोगी पडते. सातबारा, शिधापत्रिका, बँकेचे पुस्तक, औषधे, विजेरी, कोरडे खाणे यांची पिशवी भरून ठेवावी, हे सर्वश्रुतच आहे.

नावेच्या बाबतीत विशेष सावधगिरी लागते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी नाव क्षमतेपेक्षा अधिक माणसे बसल्याने उलटली व अनेकांचा अंत झाला. गावात नाव असेल, तर तिची क्षमता ठळक अक्षरांत रंगवावी, तरंगजाकिटे (लाइफ जॅकेट) तितकीच ठेवावी आणि जास्त माणसांना नाही म्हणण्याचा अधिकार कोणाचा, हे आधी ठरवावे. घाबरलेल्या गर्दीपुढे तो अधिकार ऐन वेळी निर्माण होत नाही. दोर, हवाबंद झाकणाचे रिकामे प्लॅस्टिकचे डबे व लांब बांबू ही साधी साधने काठावरून मदत करण्यास पुरेशी होतात. अप्रशिक्षित माणसाने बुडणाऱ्यास वाचविण्यासाठी स्वतः पाण्यात उडी घेऊ नये. वाहत्या पाण्यात गुडघाभर खोलीतही पाय सुटतात.

घराची बळकटी : भूकंपाचा इशारा देता येत नाही. तेथे पूर्वतयारी म्हणजे मुख्यतः घराची दुरुस्ती. लातूर व धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) जिल्ह्यांतील किल्लारी परिसरात ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला, तेव्हा आदल्या दिवशीचे गणेशविसर्जन आटोपून लोक गाढ झोपेत होते. भूकंपाची महत्ता ६·२ च्या आसपास, म्हणजे मध्यम स्वरूपाची होती. तरीही आठ ते दहा हजार माणसे मेली. त्याचे कारण घरांच्या रचनेत होते. दगडमातीच्या जाड भिंतीत आतली व बाहेरची दगडी फळी वेगवेगळी रचून मधल्या पोकळीत दगडगोटे व माती भरलेली असे. धक्क्याबरोबर दोन्ही फळ्या सुटून विरुद्ध बाजूंना ढासळल्या व वरचे माळवद खाली आले. माळवद गळू नये म्हणून त्यावर वर्षानुवर्षे पांढऱ्या मातीचे थर टाकले जात. अशा रीतीने उन्हापावसापासूनच्या संरक्षणाची सोयच डोक्यावरचा कित्येक टनांचा भार बनली. १९९२ च्या ऑक्टोबरपासून त्या भागात लहान धक्के जाणवत होते, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे.

अशी घरे पाडून नवीन बांधणे प्रत्येकास शक्य नसते, पण ती सुधारता येतात. माळवदावरील जादा माती उतरविणे हा पहिला व जवळजवळ बिनखर्ची उपाय होय. दोन्ही फळ्या एकमेकींस जखडण्यासाठी भिंतीत ठिकठिकाणी आरपार जाणारे दगड किंवा गज घातलेले काँक्रीटचे टाके बसवितात. कोपऱ्यांना लांब दगड घालतात. दारे-खिडक्यांच्या वरच्या पातळीवर घराभोवती सलग पट्टा फिरविला, म्हणजे चारही भिंती एकत्र हालतात. लाकडी खांबांना तुळयांशी तिरप्या फळ्यांनी जोडल्यास छप्पर एकदम बसत नाही. किल्लारीनंतरच्या पुनर्वसन कार्यक्रमात सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्ती-बळकटीचे काम शासकीय साहाय्याने हाती घेण्यात आले. त्या वेळी गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले होते. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मार्गदर्शनाने त्यांनी अनुदानाचे नियम घरोघर समजावून सांगितले आणि गवंड्याने टाके खरोखर बसविले की नाहीत, यावरही लक्ष ठेवले. गिलाव्याखाली काय दडले आहे, हे त्या घरात दिवसभर वावरणाऱ्या स्त्रीस अभियंत्यापेक्षा अधिक ठाऊक असते.

डोंगरउतार : सह्याद्रीच्या उतारावरील वस्त्यांना दरडीचा धोका असतो. महाड तालुक्यातील तळिये (२२ जुलै २०२१) व खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी (१९ जुलै २०२३) या दुर्घटना ताज्या आहेत. इरशाळवाडीस मोटाररस्ता नव्हता. मदतीस येणाऱ्यांना अंधारात, पावसात डोंगर चढावा लागला व त्यांत गिर्यारोहक संस्थांचे स्वयंसेवक होते. उतारावर नव्या भेगा पडणे, झाडे किंवा खांब कलणे, दारे एकाएकी घट्ट बसणे, नवे झरे फुटणे अथवा वाहते झरे अचानक गढूळ होणे किंवा आटणे, ही पूर्वलक्षणे गुराख्यांना व शेतकऱ्यांना प्रथम दिसतात. ती दिसताच वस्ती सोडावी आणि मग तहसील कार्यालयास कळवावे. पाहणीची वाट पाहत तेथेच झोपणे हा धोका पत्करण्याजोगा नाही. साधे पर्जन्यमापक शाळेत बसवून संततधारेच्या दिवसांत दर तीन तासांनी नोंद केल्यास, रात्रीचा मुक्काम कोठे करावा, याचा निर्णय संध्याकाळीच घेता येतो.

शहरे : शहरात शेजाऱ्याचे नाव ठाऊक नसणे, हीच पहिली अडचण असते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस नोंदला गेला, तेव्हा मुंबईत अडकलेल्या हजारो प्रवाशांना रस्त्याकडेच्या चाळींनी व झोपडपट्ट्यांनी चहा, अन्न व निवारा दिला. मात्र पाणी लवकर ओसरावे म्हणून मॅनहोलची झाकणे उघडण्याची चाल प्राणघातक आहे. बुडालेल्या रस्त्यावर उघड्या मॅनहोलमध्ये पडून माणसे दगावली आहेत. सदिच्छेने केलेली प्रत्येक गोष्ट मदत नसते. गृहनिर्माण संस्थांनी जिन्यातील अडगळ काढणे, गच्चीचे कुलूप आतून उघडता येईल असे ठेवणे, विजेचे मीटर तळमजल्यावर उंच बसविणे, ही कामे आपण होऊन करावयाची असतात.

रासायनिक कारखान्यांजवळील वस्तीस त्या कारखान्यात काय साठविले आहे, हे विचारण्याचा अधिकार आहे. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये ओले फडके नाकातोंडावर धरून वाऱ्याच्या दिशेस आडवे निघून जावे, एवढी माहितीदेखील रहिवाशांना आधी कोणी दिली नव्हती. विजांच्या बाबतीत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे भ्रमणध्वनीवरील साधन मराठवाडा-विदर्भातील शेतमजुरांना उपयोगी आहे. मुकादमाने ते पाहावे व काम थांबवावे.

पाणी व आरोग्य : पूर ओसरल्यावर दुसरी आपत्ती पिण्याच्या पाण्यातून येते. विहिरी व टाक्या यांच्या शुद्धीकरणासाठी टी. सी. एल. भुकटी (सु. ३३ टक्के क्लोरीन असलेली) १,००० लिटर पाण्यास ५ ग्रॅम या प्रमाणात कालवून, निवळ वरचे पाणी टाकतात व तासाभराने ते वापरतात. पाणी गढूळ असल्यास हे प्रमाण अपुरे पडते, म्हणून ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओ. टी. परीक्षण करून घ्यावे. भुकटी ओल लागून निकामी होते. पावसाळ्यापूर्वी तिचा साठा तपासला नाही, तर ऐन वेळी पिंपात निरुपयोगी चुना उरतो. पुराच्या पाण्यात वावरलेल्यांना ताप आल्यास लेप्टोस्पायरोसिसची शंका धरून त्वरित दवाखान्यात पाठवावे.

मर्यादा व सराव : वरील कामांमुळे शासनाची जबाबदारी कमी होत नाही. धरणातील विसर्गाचे नियोजन, पूररेषेतील बांधकामांस आळा, धोकादायक वस्त्यांचे पुनर्वसन ही कामे रहिवासी करू शकत नाहीत. ग्रामसभेच्या ठरावाने त्यांचा पाठपुरावा करणे मात्र त्यांच्या हाती असते व तोही पूर्वतयारीचाच भाग होय. बाहेरून येणाऱ्या मदतीचेही नियोजन लागते. काय हवे आणि काय नको, हे गावाने स्वतः जाहीर न केल्यास जुन्या कपड्यांचे ढीग साचतात आणि पाणी उपसण्याचा पंप, जनावरांचा चारा व औषधे यांचीच वाण पडते.

कागदावरची योजना सरावावाचून टिकत नाही. जपानमध्ये १ सप्टेंबर १९२३ च्या टोकिओ-योकोहामा भूकंपाचा दिवस १९६० पासून आपत्ती-प्रतिबंधक दिन म्हणून पाळला जातो आणि त्या दिवशी शाळा, कार्यालये व मोहल्ले यांत प्रत्यक्ष सराव होतात. सराव दुपारी सोयीच्या वेळी न करता एकदा तरी रात्री, वीज बंद ठेवून करावा. त्यात कर्णा चालत नाही, शाळेची किल्ली मिळत नाही, यादीतील दूरध्वनी बदललेला असतो, अशा उणिवा उघड होतात. त्या लिहून घेऊन आठवडाभरात दूर कराव्या लागतात. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, आपत्कालीन मदतीचा ११२ व रुग्णवाहिकेचा १०८ हे क्रमांक भिंतीवर रंगवितात, पण जाळे बंद पडल्यास तालुक्याला निरोप घेऊन कोणी, कोणत्या वाटेने जावयाचे, हेही त्याच भिंतीवर लिहिलेले असावे.